पणजीचा पिनकोड ४०३००१: एका पूर्ण संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीतील पत्त्याच्या शेवटी येणारे सहा अंक क्षणभर टपालापासून बाजूला काढले आणि चार लाख तीन हजार एक या पूर्ण संख्येकडे नुसती संख्या म्हणून पाहिले, तर तिच्यात काय काय सापडते, याची उत्तरे या पानावर दिली आहेत. येथे दिलेला जवळजवळ प्रत्येक आकडा वाचकाला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल, आणि तो तसा पडताळावा अशीच अपेक्षा आहे.

पिनकोड ही खऱ्या अर्थाने संख्या असते का?

व्यवहारात नसते. दोन पिनकोडांची बेरीज करून काही हाती लागत नाही आणि मडगावचा पिनकोड पणजीच्या पिनकोडाहून मोठा आहे, या विधानातून मडगावविषयी काहीच कळत नाही. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या पट्ट्याचा, पहिले तीन अंक ४०३ हे गोव्याचे, आणि शेवटचे तीन अंक त्या त्या टपाल कार्यालयाचे, अशी त्याची रचना आहे. मात्र हे अंक सलग लिहिले की एक संख्या तयार होते, आणि तिला कोणी कशासाठी वापरले याचा तिच्या गुणधर्मांवर कसलाही परिणाम होत नाही. पुढे जे सांगितले आहे ते सारे त्या संख्येविषयी आहे. टपाल खात्याने यातले काही ठरवलेले नाही.

४,०३,००१ ही मूळ संख्या आहे का?

होय. १ आणि स्वतः ही संख्या यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही. त्यामुळे तिच्या विभाजकांची बेरीज ४,०३,००२ होते आणि तिच्याहून लहान असलेल्या सर्व ४,०३,००० नैसर्गिक संख्या तिच्याशी सहमूळ ठरतात, म्हणजे १ खेरीज त्यांचा तिच्याशी सामाईक विभाजक नसतो.

हे सिद्ध कसे करायचे? चार लाख भागाकार करायचे का?

तेवढे करावे लागत नाहीत. एखादी संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर त्या दोहोंपैकी निदान एक अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही, कारण दोन्ही मोठे असते तर गुणाकारच संख्येच्या पुढे गेला असता. ४,०३,००१ चे वर्गमूळ ६३४ आणि ६३५ यांच्या मध्ये येते. म्हणून ६३४ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून पाहावे लागते आणि अशा मूळ संख्या ११५ आहेत. त्यांतली शेवटची ६३१.

हे ११५ भागाकारही सगळे करावे लागत नाहीत. शेवटचा अंक १ असल्याने २ आणि ५ बाद होतात. अंकांची बेरीज ८ असल्याने ३ बाद होते. ७, ११ आणि १३ या तिघांसाठी एक जुनी आणि फार उपयोगी युक्ती आहे, जी शाळेत शिकवली जाते त्याहून अधिक वेळा शिकवली जायला हवी असे मला वाटते. ७ × ११ × १३ = १००१ होतात. त्यामुळे सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन भाग करून एकातून दुसरा वजा केला, की जी वजाबाकी येते तिला ७, ११ किंवा १३ ने भाग जात असेल तरच त्या सहा अंकी संख्येला त्या त्या अंकाने भाग जातो. आपल्याकडे ४०३ मधून १ वजा करून ४०२ उरतात. ४०२ म्हणजे २ × ३ × ६७, त्यात ७, ११ किंवा १३ यांपैकी कोणी नाही, म्हणून तिघेही एकाच वजाबाकीत बाद झाले.

त्यानंतर आणखी एक सोय गोव्याच्या ४०३ मध्येच दडलेली आहे. ४०३ = १३ × ३१. म्हणजे ४,०३,००० ला ३१ ने निःशेष भाग जातो आणि ४,०३,००१ ला भागल्यावर बाकी १ उरते. येथवर सात मूळ संख्या काही न भागताच निकालात निघाल्या. उरलेल्या १०८ मात्र एकामागून एक घ्याव्या लागतात. त्यांतल्या काही ठिकाणी संख्या अगदी थोडक्यात सुटते. १७ ने भागल्यास बाकी १६ उरते आणि ४३९ ने भागल्यास ४३८, म्हणजे दोन्ही ठिकाणी केवळ एकाची कसर राहते. ४३ आणि ७१ या दोघांनीही भागल्यावर बाकी ५ येते, कारण ४,०२,९९६ या संख्येत ४३ आणि ७१ दोन्ही अवयव आहेत. शेवटाकडे ६१७ × ६५३ = ४,०२,९०१ होऊन बाकी १०० उरते, ६१९ × ६५१ = ४,०२,९६९ होऊन ३२ उरते, आणि ६३१ × ६३८ = ४,०२,५७८ होऊन ४२३ उरते. बाकी शून्य एकाही ठिकाणी येत नाही.

भागाकार न करता मूळत्व तपासण्याची दुसरी रीत आहे का?

आहे, आणि ती अधिक देखणी आहे. फ्रेंच गणितज्ञ पिएर द फेर्मा यांनी १६४० साली मांडलेल्या नियमानुसार, p ही २ हून मोठी मूळ संख्या असेल तर २ चा (p − १) वा घात p ने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. आपल्या बाबतीत हा घातांक ४,०३,००० येतो. एवढी मोठी संख्या लिहून काढायची नसते. प्रत्येक पायरीला वर्ग करायचा, ४,०३,००१ ने भागायचे, फक्त बाकी ठेवायची आणि पुढे जायचे.

सुरुवात अशी होते. २ चा २५ वा घात ३,३५,५४,४३२ असून त्याची बाकी १,०५,३४९ येते. तिचा वर्ग करून पुन्हा भागले की ५० व्या घाताची बाकी १,६७,२६२ मिळते, तसेच १०० व्या घाताची २,४७,२२४, २०० व्या घाताची १,७१,५१५ आणि ४०० व्या घाताची ३,३७,२३०. तिला ८ ने गुणून भागले की ४०३ व्या घाताची बाकी २,७९,८३४ हाती येते. आता ४,०३,००० म्हणजे ४०३ × १०००, म्हणून या बाकीचा हजारावा घात घ्यायचा राहतो. त्या वाटेवर १२५ व्या घाताशी पोहोचताच बाकी ४,०३,००० येते, म्हणजेच वजा १. त्यापुढे तिचा वर्ग केला की १ आणि पुढे १ च. ही शेवटची पायरी फार बोलकी आहे. तिचा अर्थ असा की २ चा ५०,३७५ वा घात अधिक १ या संख्येला, जी लिहायला पंधरा हजारांहून अधिक अंक लागतील, पणजीच्या पिनकोडाने निःशेष भाग जातो.

एक सावधगिरी मात्र येथे हवी. काही संयुक्त संख्याही फेर्माच्या या कसोटीला उतरतात. ३४१ ही ११ × ३१ असूनही २ च्या बाबतीत मूळ संख्येसारखीच वागते. म्हणून ही कसोटी संख्येला नापास करू शकते, पण तिच्या एकटीच्या जोरावर मूळत्वाचा दाखला देता येत नाही. वरचे भागाकार त्यासाठीच आधी दिले. कोणत्याही संख्येचे मूळत्व निश्चितपणे आणि अंकांच्या मानाने वाजवी वेळात ठरवणारी रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

तिच्या शेजारच्या संख्यांविषयी काही सांगता येईल का?

येथेच तिचे खरे वैभव आहे. तिच्यानंतरची विषम संख्या ४,०३,००३ हीसुद्धा मूळ आहे, म्हणजे या दोघी जोडमूळ संख्या आहेत. त्यांच्या मध्ये ४,०३,००२ ही संख्या येते, आणि ३ हून मोठ्या जोडमूळ संख्यांच्या मधल्या संख्येला नेहमी ६ ने भाग जातो या नियमानुसार ती ६ × ६७,१६७ आहे. तिचे पूर्ण अवयव २ × ३ × ३ × ३ × १७ × ४३९ असे होतात. वर १७ आणि ४३९ यांच्याकडून एकाची कसर का राहिली, त्याचे कारण हेच.

अशा जोड्या अनंत आहेत का, हे आजतागायत कोणाला सिद्ध करता आलेले नाही. यितांग झांग यांनी २०१३ साली दाखवले की ७ कोटींहून कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, आणि पुढे अनेकांनी मिळून ते अंतर २४६ पर्यंत खाली आणले. २४६ वरून २ वर यायचे बाकी आहे.

तिला दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

येते, आणि एकाच प्रकारे: २९९ चा वर्ग ८९,४०१ आणि ५६० चा वर्ग ३,१३,६००, यांची बेरीज ४,०३,००१. समजा २९९ मीटर रुंद आणि ५६० मीटर लांब असे अगदी काटेकोर आयताकृती खाजन शेत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेले शेत, कुठे असेल (खाजनाचे बांध इतके सरळ कधीच नसतात, पण तूर्त मानू या), तर त्याच्या कर्णाचा वर्ग बरोबर ४,०३,००१ चौरस मीटर भरेल.

हे होणार याची खात्री ते वर्ग शोधण्याआधीच देता येत होती. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, असे फेर्मा यांनी म्हणून ठेवले होते आणि सुमारे शतकानंतर ऑयलर यांनी त्याची सिद्धता दिली. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारी संख्या मात्र अशी बेरीज कधीच होऊ शकत नाही, कारण कोणत्याही पूर्ण वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च येते आणि अशा दोन बाक्यांची बेरीज ३ होत नाही. ४,०३,००३ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ येते. दोघी जोडमूळ असूनही एकीचे दोन वर्गांत विभाजन होते आणि दुसरीचे होत नाही.

याच वर्गांपासून पूर्णांकी बाजूंचा काटकोन त्रिकोणही मिळतो. दोन वर्गांच्या बेरजा असलेल्या संख्यांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, हे सूत्र सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी दिले. ते आपल्या संख्येच्या वर्गाला लावले असता कर्ण ४,०३,००१, एक बाजू २,२४,१९९ आणि दुसरी बाजू ३,३४,८८० येते.

कापरेकरांच्या संख्यांशी तिचा काही संबंध आहे का?

आहे. देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे नाव ६१७४ मुळे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्यांची स्वयंभू संख्यांची कल्पना माझ्या दृष्टीने त्याहून अधिक खोल आहे. कोणतीही संख्या घ्यावी, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे नवी संख्या जन्मते; २१ मध्ये ३ मिळवले की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जनक. ज्या संख्येला असा जनकच नसतो ती स्वयंभू.

४,०३,००१ ही स्वयंभू आहे. सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ५४ हून अधिक होत नाही, त्यामुळे जनक असलाच तर तो ४,०२,९४७ ते ४,०३,००० यांच्यामध्ये सापडायला हवा. यांपैकी ४,०२,९६९ पर्यंतच्या संख्यांची बेरीज ४,०२,९९९ च्या पुढे जात नाही आणि ४,०२,९८० पासून पुढच्यांची ४,०३,००३ च्या खाली येत नाही. मधल्या दहा संख्यांत ४,०२,९७४ मध्ये २६ मिळवून ४,०३,००० होतात आणि तिच्या लगेच पुढच्या ४,०२,९७५ मध्ये २७ मिळवून ४,०३,००२. मधली जागा रिकामीच राहते. तिची जोडीदार ४,०३,००३ मात्र स्वयंभू नाही, कारण ४,०२,९८० ही तिची जनक आहे.

गोव्यातील इतर शहरांचे पिनकोडही मूळ संख्या आहेत का?

चार प्रमुख शहरे तपासली असता एकही नाही. मडगावचा ४०३६०१ हा ११ × ३६,६९१ आहे. म्हापशाचा ४०३५०७ हा १३ × ३१,०३९ आहे. फोंड्याचा ४०३४०१ हा ३ × ४७ × २,८६१ आहे. वास्कोचा ४०३८०२ हा २ × ७ × २८,८४३ आहे. यात आश्चर्य नाही. मूळ संख्यांच्या वितरणाविषयीच्या प्रमेयानुसार चार लाखांच्या आसपास सरासरीने दर तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या येते, आणि १, ३, ७ किंवा ९ ने संपणाऱ्या संख्यांपुरते पाहिले तर साधारण पाचांत एक. पणजीच्या वाट्याला ती आली हा निव्वळ योगायोग आहे.

अंकांची बेरीज ८ येते, ती शुभ मानावी की अशुभ?

गणिताच्या दृष्टीने त्या बेरजेचा उपयोग ३ आणि ९ ची विभाज्यता तपासण्यापुरता आहे.

द्विमान पद्धतीत ती कशी लिहितात?

११०००१००११०००१११००१ अशी. एकोणीस अंकांपैकी नऊ ठिकाणी १ आहे.

एवढी मोठी मूळ संख्या गुप्त संदेशांसाठी वापरता येईल का?

नाही. गणकयंत्राच्या दृष्टीने ती फारच लहान आहे. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीत शेकडो अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार वापरतात, कारण त्या गुणाकारावरून मूळ अवयव शोधून काढणे व्यवहारात अशक्य ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही तर ४,१०,२४,३२० अंकांची आहे.

येथे आणखी एक धडा मिळतो, कारण जोडमूळ संख्या निवडणे त्या पद्धतीत घातक ठरेल. ४,०३,००१ × ४,०३,००३ = १,६२,४१,०६,१२,००३. यात १ मिळवला की ४,०३,००२ चा पूर्ण वर्ग मिळतो, आणि ज्याला हे सुचेल तो वर्गमूळ काढून त्याच्या अलीकडची व पलीकडची संख्या क्षणात सांगेल. अवयव जितके जवळ, तितका गुणाकार फोडणे सोपे, हे फेर्मा यांनाही ठाऊक होते.

मूळ संख्यांच्या अभ्यासाशी गोव्याचे काही नाते आहे का?

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. पणजीत त्यांच्या नावाने होणाऱ्या विचारमहोत्सवामुळे इतिहासकार म्हणून ते गोमंतकीयांना परिचित आहेत, परंतु पेशाने ते गणितज्ञ होते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी संभाव्यतेच्या अंगाने मूळ संख्यांचा विचार केला आणि जर्मन गणितज्ञ रीमान यांचे मूळ संख्यांच्या वितरणाशी निगडित सुप्रसिद्ध अनुमान त्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावाही केला. तो दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही. तरीही मूळ संख्यांकडे संभाव्यतेच्या नजरेने पाहण्याची दिशा चुकीची नव्हती. वर दिलेले ‘तेरांत एक’ हे प्रमाण समजून घेतानाही आपण तीच नजर वापरतो.

माझ्या गावाचा पिनकोड असाच तपासायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

गोव्यातील प्रत्येक पिनकोड ४०३ ने सुरू होत असल्याने त्याचे वर्गमूळ ६३४ आणि ६३६ यांच्या दरम्यान येते. ६३१ नंतरची मूळ संख्या थेट ६४१ आहे, म्हणून ११५ मूळ संख्यांची तीच एक यादी साऱ्या गोव्याला पुरते. ती यादी हाताशी धरण्याआधी शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज पाहावी. मग शेवटच्या तीन अंकांची संख्या घेऊन तिच्यातून ४०३ वजा करावेत, किंवा ती लहान असल्यास ४०३ मधून ती वजा करावी, आणि वजाबाकीला ७, ११ व १३ ने भागून पाहावे. ३१ साठी शेवटच्या तीन अंकांनाच ३१ ने भागावे. १७ साठी शेवटच्या तीन अंकांतून २ वजा करून उरलेल्याला १७ ने भागावे, कारण ४,०३,००२ ला १७ ने भाग जातो. काणकोणचा ४०३७०२ घेतला तर तो सम असल्याने पहिल्याच पायरीला संयुक्त ठरतो; शिवाय ७०२ − ४०३ = २९९ आणि २९९ = १३ × २३, म्हणून त्याला १३ नेही भाग जातो. केप्याचा ४०३७०५ हा ५ ने संपतो, त्यामुळे तिथे वजाबाकीचीही गरज पडत नाही.